गावची खबर कोणी बंद केली

ताई,

किसन आबा आले होते. तुझी माती होऊन तिसरा दिवस होता. काठी टेकत अंगणात उभे राहिले. आत या म्हटलं तर आले नाहीत. म्हणाले, "संज्या, मी जित्ता असताना तिनं मले मारलं होतं. अन् ती मेली तं मले कोणी सांगतलं बी नाही."

तू पहाटे गेलीस. मी नांदुऱ्याहून रोहिणखेडला पोचलो तोवर शेजारच्या बायकांनी तुला अंघोळ घातली होती. मी फोनवरच्या गावाच्या ग्रुपवर बातमी टाकली, तुझा एक जुना फोटो टाकला. खाली हात जोडलेली चित्रं येत राहिली. भराभर आली. माणसं मात्र मोजकी आली. त्रिशरण म्हणताना माझा आवाज मलाच ऐकू येत होता, एवढी कमी माणसं. ज्यांनी यायला हवं होतं त्यांच्याकडे तसले फोनच नाहीत. ते शेतात होते, ओट्यावर बसले होते, तुझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे चहा पीत होते. संध्याकाळी त्यांना कळलं, तेव्हा राख गरम होती.

गावातल्या प्रत्येकाची मयत जिनं घरोघर पोचवली, तिची मयत सांगायला गावात कोणी नव्हतं. हे कसं झालं, ते तुला मी आजवर खोटं सांगत आलो. आता खरं सांगतो. तुला ऐकू येणार नाही हे ठाऊक आहे, म्हणूनच बहुतेक जमतंय.

आपलं केबल सुरू झालं तेव्हा मी बुलढाण्याहून आयटीआय करून आलो होतो आणि तू सासरहून कायमची परत आली होतीस. मी स्लॅबवर छत्री बसवली, कडुलिंबावरून, खांबांवरून, लोकांच्या धाब्यांवरून तारा ओढल्या. परसातल्या पत्र्याच्या खोलीत मशिनी मांडल्या. एक चॅनल तारेवर सोडायला एक लोखंडी डबा लागायचा. एक डबा शिल्लक राहिला होता. मी म्हटलं, ह्याच्यावर रोज एक सिनेमा लावू. तू म्हणालीस, "सिनेमा काय करतं? मले दे तो."

मग तू लग्नाच्या शूटिंगचा आपला जुना कॅमेरा एका पाटासमोर बसवलास. पाटावर झेंडूचं फूल, मागे निळी साडी. ज्याची खबर असेल त्याचा फोटो पाटावर ठेवायचा आणि माईकवर बोलायचं. स्वतःचं तोंड तू कधी दाखवलं नाहीस. रोज दिवेलागणीला गावभर तोच आवाज यायचा: "रामराम, जयभीम, सलाम. आयबायाहो अन् भाऊहो, ऐका." नळ कधी येणार, रेशन कधी सुटणार, रोजाच्या महिन्यात सहेरीची वेळ, कोणाची म्हैस कोंडवाड्यात आहे, कोणाच्या पोरीला नोकरी लागली. गावात कोणाच्या घरी काय शिजलं एवढंच सांगायचं बाकी ठेवायचीस.

मयतीची खबर असली की तू फक्त आपल्या चॅनलवर सांगून थांबत नसायचीस. ज्या डब्यावर संध्याकाळची मालिका चालायची त्याची तार उपटायचीस आणि आपल्या कॅमेऱ्याची खुपसायचीस. ऐन भांडणात आलेल्या सासू-सुना गायब आणि टीव्हीवर पाटावरचा फोटो. लोक तुला शिव्या देत देत चपला घालायचे आणि मयतीला निघायचे.

आई गेली तेव्हाही तूच सांगितलंस. मी रडत होतो, तू पाटावर आईचा फोटो ठेवत होतीस. "माही माय गेली. उद्या सकाळी माती हाये. ज्यायले जमते त्यायनं यावं," एवढंच म्हणालीस. आवाज हलला नाही. दुसऱ्या दिवशी अंगणात उभं राहायला जागा नव्हती. ज्या घरांत आईला चहा वेगळ्या कपात मिळायचा, कप तिचा तिनं धुवून कोनाड्यात ठेवायचा, त्या घरांतली माणसंही आली होती. तुझा आवाज रोज संध्याकाळी त्यांच्या बैठकीत जात होता. त्याला त्यांनी ओसरीवर थांबवलं नव्हतं. हे तू केलंस, ताई. मी फक्त तारा ओढल्या.

आणि किसन आबांचा घोटाळा! दूध संस्थेत त्यांचा सत्कार झाला म्हणून तू त्यांचा फोटो पाटावर ठेवला होतास. तेवढ्यात कोणी मयतीची खबर घेऊन आलं. घाईत तू नाव बरोबर सांगितलंस, फोटो बदलायचा विसरलीस. नाव कोण ऐकतो? लोकांनी फोटो पाहिला. आबांच्या दारात माणसं जमली, कोणी बांबूही घेऊन आलं. आबा शेतातून येऊन पाहतात तर त्यांची बायको भिंतीला टेकून बसलेली आणि बाया रडतायत. काठी घेऊन ते आपल्या पत्र्याच्या खोलीत शिरले. "विमले, मी जित्ता हाये! हे बी सांग आता!"

तू माईक त्यांच्या तोंडापुढे धरलास. "आबा, तुमीच सांगा. माह्यावर आता कोणी भरोसा ठेवणार नाही."

आबा माईकवर इतकं बोलले, इतकं बोलले, की शेवटी तू म्हणालीस, "आबा, जित्ते हायत हे पटलं सगळ्यायले. आता घरी जा, काकू वाट पाहून राह्यली." अख्खं गाव हसलं. त्या दिवसापासून आबा तुझे झाले.

हे सगळं बंद का झालं, हे तू मला किती वेळा विचारलंस! मी नांदुऱ्याला राहायला गेलो, घरोघरच्या टीव्हीला लावायचे कंपनीचे डबे वाटायला लागलो, तेव्हापासून दर भेटीत. मी आलो की तू चहा टाकायचीस आणि पाठमोरीच विचारायचीस, "काऊन बंद केलं रे सरकारनं?"

मी समजावून सांगायचो. ही सगळी कारणं खरी आहेत, ताई, एवढं तरी मान. जुन्या पद्धतीत एक चॅनल तारेत जेवढी जागा खातं, तेवढ्या जागेत नव्या पद्धतीनं कितीतरी चॅनल बसतात. चित्राचे आकडे करतात आणि दाबून भरतात.

"अन् एवढ्या चॅनलच्या गर्दीत," तू म्हणालीस, "माह्या एका पाटाले जागा नसन?"

मी चहाकडे पाहायचो. मग दुसरं कारण काढायचो. हवेतही तसंच आहे, म्हणायचो. टॉवरवरून अँटिनावर जे सरकारी चॅनल यायचं, तेही जुन्या पद्धतीचं होतं. ते बंद केलं की हवेतली जागा मोकळी होते, मोबाईलसारख्या कामांना लावता येते.

"म्हंजे माह्या तोंडाची जागा मोबाईलले देली. बरं."

तुझं चॅनल हवेतून नाही, तारेतून जायचं, ताई, असं मी म्हणायचो. "तेच ते," तू म्हणायचीस.

तिसरं कारण चित्राचं. जुन्या तारेतून लांब गेलं की चित्र खराब होत जायचं. मधे मधे ताकद वाढवायला मशीन लावावं लागायचं, ते चित्राबरोबर घाणही वाढवायचं. शेवटच्या घरी नुसत्या मुंग्या. नव्यात तसं नाही. नव्यात येतं ते चोख येतं, नाहीतर येतच नाही.

"मुंग्या राहू दे ना. मुंग्यातून बी माणूस वळखू येते."

आणि सगळ्यात खरं कारण मोजदादीचं. कुठल्या गावात किती घरांत केबल आहे, हे जुन्या पद्धतीत वरच्या कोणालाच कळत नव्हतं. तार घरात गेली की गेली. आम्ही केबलवाले घरं कमी दाखवायचो. चॅनलवाल्यांचा वाटा बुडायचा, सरकारचा कर बुडायचा. आता चित्र कुलूप लावून येतं आणि प्रत्येक घरचा डबा ते उघडतो. डबा आहे म्हणजे घर मोजलं गेलं. नाही पैसे भरले तर तिकडे बसून बंद करता येतं.

हे ऐकून तू कपबशी खाली ठेवलीस. "घरं आपण बी कमीच दाखवत होतो ना बे?"

"हो."

"मंग चोरी तुही. तुले काऊन नाही बंद केलं? मले काऊन केलं?"

याला माझ्याकडे उत्तर होतं. म्हणजे आहे. तेच सांगायला बसलोय.

आपलं केबल कंपनीला जोडायचं ठरलं, तेव्हा त्यांचा साहेब आला होता, आठवतं? पुण्याचा. बोलायला मऊ, शर्ट पांढरा. आम्ही पुढच्या खोलीत बसलो होतो, टीव्ही चालू होता. यापुढे चित्र बुलढाण्याहून कुलूप लावूनच येईल, इथल्या मशिनी काढून टाकायच्या, असं तो मला सांगत होता. बोलता बोलता दिवेलागण झाली आणि तुझं सुरू झालं.

"रामराम, जयभीम, सलाम. आयबायाहो अन् भाऊहो, ऐका. नळ उद्या सकाळी येणार नाही, संध्याकाळी येऊन राह्यला. सकाळी हंडे घेऊन बसाल अन् मंग मले शिव्या द्याल, तसं करू नोका. दुसरं. सुभानभाईची बकरी हरपली. तांबडी हाये, एक कान कापेल. ज्याच्या घरी बांधेल असन त्यानं मुकाट्यानं सोडून द्यावं. मले घर मालूम हाये. नाव घेतलं तं इज्जत जाईन."

साहेब हसायला लागला. वाईट हेतूनं नाही, त्याला खरंच मजा वाटली. "हे भारी आहे हो! कॉमेडी शो आहे का? कोण आहे ही बाई?"

आणि मीही हसलो, ताई. त्याच्या हसण्यात हसू मिसळून म्हणालो, "आहे एक गावातली. बसवलीय."

बहीण आहे म्हणालो नाही.

त्या क्षणी मला काय झालं होतं, ते मी इतकी वर्षं उलटून पाहतोय. त्याच्या कानांनी मी तुला पहिल्यांदा ऐकलं, बस. मी बुलढाण्याला शिकताना 'मले-तुले' म्हणायचं सोडलं होतं. मुलाखतीला गेलो की जीभ सांभाळून बोलायचो. आणि इथं माझ्याच पत्र्याच्या खोलीतून, माझ्याच तारेवरून ते सगळं गावभर आणि आता पुण्यापर्यंत जाणार. मला लाज वाटली. तुझी. जिनं मला आयटीआयला असताना डबा करून एसटीत ठेवला, खांबावरून शॉक लागून पडलो तेव्हा पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं, तिची.

साहेब हसू आवरून म्हणाला, "लोकल चॅनल ठेवायचं असेल तर आत्ता सांगा. तुमच्या गावापुरती एक जागा देता येईल. इथून बुलढाण्याला पाठवायची सोय करावी लागेल, तेवढंच. बरीच गावं ठेवतात."

म्हणजे दाबून भरलेल्या त्या गर्दीत तुझ्या पाटाला जागा होती, ताई. तू बरोबर विचारत होतीस.

मी म्हणालो, "नको. ते बंदच करायचं होतं."

कोणत्या कायद्यानं नाही, जागा नव्हती म्हणून नाही. जुनी पद्धत जाणार होती, ती गेलीच असती. तुझं चॅनल जायला नको होतं. ते मी घालवलं, एका अनोळखी माणसाचं हसू थांबावं म्हणून.

मग तू चहा घेऊन आलीस. साहेब म्हणाला, "वा मावशी, साखर अगदी बरोबर." तेव्हाही मला सांगता आलं असतं. मी बिस्किटाची बशी पुढे सरकवली. तू कप ठेवलेस आणि गेलीस. एक शब्द बोलली नाहीस. नवा माणूस दिसला की कुठचे, लेकरं किती, माय आहे का, हे विचारल्याशिवाय जिला राहवत नसे, ती तू.

त्या पत्र्यातून ऐकू जायचं, ताई. पुढच्या खोलीतलं सगळं तिकडे ऐकू जायचं. तू ऐकलं होतंस का?

रात्री मी तुला म्हणालो, "सरकारनं बंद केलं. कायदाच आहे." तू विचारलंस, "कधीपासून?" मी म्हणालो, "डबे बसले की." तू मान हलवलीस आणि भाकरी उलटलीस.

शेवटच्या दिवशी मी पुढच्या खोलीत बसून तुला ऐकलं. "रामराम, जयभीम, सलाम. उद्यापासून हे बंद होऊन राह्यलं. सरकारचा हुकूम हाये. माह्या भावानं लय कोशिश केली, पण सरकारपुढं त्याचं काय चालते? कोणी त्याले बोलू नोका."

माझं खोटं तू तुझ्या तोंडानं गावाला सांगितलंस आणि गावानं ते खरं मानलं, कारण तू कधी खोटं सांगितलं नव्हतंस. फोटो चुकला असेल, नाव चुकलं नव्हतं. पण 'माह्या भावानं' हे तू जरा थांबून म्हणालीस. मी ते शब्द शेकडो वेळा आठवून पाहिलेत. पत्र्यापलीकडे जे बोललं गेलं, त्याचं ते उत्तर होतं का? की तुला खरंच वाटत होतं, भावानं कोशिश केली? यातलं कोणतं जास्त सोसवत नाही, मला ठरवता येत नाही.

पुढे तू सरकारला शिव्या देत राहिलीस. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला दारात थांबवायचीस. "रस्ता नको, नाली नको. माहं चॅनल चालू करून द्या." ते हसून 'हो ताई, नक्की' म्हणायचे आणि माझ्याकडे पाहून डोळा मारायचे, म्हातारी जरा अशीच आहे ना, म्हणून. मी मान खाली घालायचो. त्यांना वाटायचं, मी हसतोय. कॅमेरा तू पुसून ठेवायचीस. तो पाट मी विकायला काढला तर माझ्याशी महिनाभर बोलली नाहीस. आणि मी दर भेटीत तुला हवेतल्या जागेचं, मोजदादीचं सांगत राहिलो. खऱ्या कारणांच्या मागे लपायला फार सोपं जातं.

आबांकडे परत येतो. ते अंगणातच उभे होते. म्हणाले, "तिचं ते चालू असतं तं आज अख्खं गाव आलं असतं. काऊन बंद केलं होतं रे ते?"

'सरकार' म्हणायला मी तोंड उघडलं. सवयच ती. पण आत तुझा फोटो होता, मेणबत्ती होती, आणि फोटो मी त्याच पाटावर ठेवला होता. दुसरं काही सापडलं नव्हतं.

"मी बंद केलं, आबा. ठेवता येत होतं. मले लाज वाटली तिची."

कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडून 'मले' निघालं. आबांना त्याचं काही नाही. शिव्या देतील असं वाटलं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "अन् ती तुह्यासाठी सरकारले बोलत राह्यली." मग काठीनं गल्लीकडे दाखवलं. "जा मंग. तिचं काम तुह्याकडं आलं आता. घरोघरी सांग. फोनवर नोको सांगू. तोंडानं सांग."

पाणीही न घेता गेले.

मी काल निघालो, ताई. पहिल्या दारापाशी तुझ्यासारखं सुरू करायला गेलो, "रामराम, जयभीम, सलाम", आणि पुढे काय म्हणायचं ते सुचेना. माती झालेली, या म्हणण्यात अर्थ नाही. नुसतंच म्हणालो, "माही बहीण गेली." सुभानभाई दारात बसून रडले. एका घरी म्हातारीनं विचारलं, "सांगतलं काऊन नाही?" तिला सांगितलं काऊन ते. तिनं दार लावून घेतलं. प्रत्येक घरी मयत एकदा सांगायची आणि मग ते दुसरं. काही घरी दुसरं ऐकून मला बसा म्हणालेच नाहीत.

मशिदीमागच्या गल्लीत एका नव्या घरी दारात तरुण सून होती, कडेवर पोर. तुझं चॅनल बंद झाल्यावर या गावात आलेली. तिनं तुला फक्त भिंतीला धरून दुकानात जाताना पाहिलेलं. म्हणाली, "हाव, त्या एकट्या राहत होत्या त्या. तुम्ही कोण त्यायचे?"

मी म्हणालो, "भाऊ."

तिनं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं.

"मले वाटे," ती म्हणाली, "त्यायले कोणीच नाही."

मी पुढच्या दारी गेलो.